अर्धी खारीक

आमच्या भागात सोयरिकीला आलेला माणूस आधी गोठा बघत असे, मग कणगी, मग विहिरीचं पाणी, आणि वेळ उरलाच तर मुलगी. आत्या यातलं काहीच बघत नसत. दारात आल्या की छत्री भिंतीला टेकवायची, पाय धुवायचे, तांब्याभर पाणी प्यायचं, आणि यजमानानं "बसा, बसा" म्हणत घोंगडी अंथरली की तिच्याकडे ढुंकूनही न बघता विचारायचं, "घरात समद्यात बारकं कोण?"

बारकं म्हणजे ज्याला बोलता येतं पण अजून लपवता येत नाही असं. त्यांच्या मते हे वय तीन ते साडेपाच. तिनाच्या आत पोर बोलतं ते फक्त त्याच्या आईला कळतं, आणि साडेपाचाच्या पुढं ते आईच्या तोंडाकडे बघून बोलायला लागतं. "त्याच्या फुडं माणूसच झालं की त्ये," असं त्या म्हणत, आणि माणसांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं.

त्या नेमक्या कुणाच्या आत्या होत्या हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. भोरपासून वेल्ह्यापर्यंत त्यांना सगळे आत्याच म्हणत, त्यांच्याहून वडील माणसंसुद्धा. भोरला संस्थानाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. त्यांचं घर भोरातच होतं, पण तिथं त्या सापडत फक्त पावसाळ्यात. एरवी नवऱ्याची काळी छत्री हातात, कमरेला खारकांची पिशवी, आणि आज शिवरे, उद्या भोंगवली, परवा डोंगर चढून वेल्ह्याकडची एखादी वाडी अशी त्यांची पायपीट चाललेली असे. लग्नं जुळवणं हा त्यांचा धंदा नव्हता. लुगडं-चोळीपलीकडं त्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही. त्यांना तो नाद होता, आणि एखाद्याला तमाशाचा नाद असावा तितकाच तो पक्का होता.

लहान मुलांवर विश्वास टाकणारी बाई म्हणजे मुलांची वेडी असणार असं कुणालाही वाटेल. आत्यांनी कुणाचा गालगुच्चा घेतल्याचं कुणी पाहिलं नाही. बोबडं बोलणाऱ्या मोठ्या माणसांचा त्यांना तिटकारा होता. पोराला त्या परसात नेत, त्याच्यासमोर उकिडव्या बसत आणि गावच्या पंचाशी बोलावं तसं बोलत. खारीक बोलणं संपल्यावर मिळे, आधी कधीच नाही. "आदी खाऊ दिला तर त्ये प्वार ऱ्हात न्हाई, साक्षीदार व्हतंय," असं त्यांनी एका मामलेदाराला सुनावलं होतं म्हणतात. दुसरा नियम याहून अवघड होता. पोर काहीही बोललं तरी हसायचं नाही, आत्यांनीही नाही आणि कान लावून बसलेल्या घरच्यांनीही नाही. एकदा का आपण हसलो की पुढच्या वेळी पोर हसवण्यासाठी बोलतं, आणि मग ते खरं बोलणं राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आत्या घरात असल्या की मोठी माणसं पदर नाहीतर पंचा तोंडात कोंबून बसलेली असत.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते त्यांच्या स्वतःच्या लग्नात. ती हकीकत त्या नवऱ्यासमोरच सांगत, आणि तोही जणू दुसऱ्या कुणाची चालली आहे अशी ऐकत बसे. आत्यांचे वडील स्थळ बघायला गेले तेव्हा गोठ्यात सहा बैल होते. वडिलांनी ते स्वतः मोजले आणि पोरीनं नशीब काढलं म्हणून खुशीत परत आले. लग्न झालं, वरात आली, नवी नवरी माप ओलांडून आत शिरली, आणि तिचा चार वर्षांचा धाकटा दीर तिच्या शालूला धरून म्हणाला, "वैनी, तू आलीस पण आमची बैलं गेली." बैल उसने आणलेले होते. दोन चुलत्याचे, दोन शेजाऱ्याचे, आणि उरलेले दोन कुणाचे ते घरातल्या कुणालाच आठवत नव्हतं.

"घरातलं एक माणूस खरं बोलत व्हतं," आत्या म्हणत, "आन त्याला कुणी इचारलंच न्हाई."

नवरा मात्र चांगला निघाला. त्याने पुढं स्वतःच्या कष्टानं बैल घेतले, दोनच घेतले. पण तो जरा मोठ्यानं काही बोलायला लागला, पिकाची किंवा भावकीची बढाई मारायला लागला, की आत्या चुलीपासून नुसतं विचारत, "बैलं कुणाची?" मग तो गप्प होई आणि मिशीतल्या मिशीत हसे.

आत्यांच्या पोरांच्या गोष्टी आमच्याकडे पिकल्या आंब्यासारख्या घरोघर वाटल्या जात. शिवऱ्याच्या एका घरात नवऱ्या मुलाचं फार कौतुक चाललं होतं, निर्व्यसनी, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आत्यांनी त्याच्या धाकट्या बहिणीला विचारलं, दादा कसा आहे? ती म्हणाली, "दादा झोपला की म्हस वरडती." म्हैस का ओरडते? "तिला वाटतंय रेडकू हाक मारतंय." हे लग्न आत्यांनी जमवलं. फक्त मुलीकडच्यांना सांगितलं, की पोरगी झोपेला जड असेल तरच हो म्हणा.

भोंगवलीच्या घरानं पोराला पढवून ठेवलं होतं. ते हाताची घडी घालून बसलं आणि कशालाच उत्तर देईना. आत्या म्हणाल्या, बरं, नको बोलूस. थोडा वेळ गेला. पोराला ती शांतता सोसेना. ते म्हणालं, "मला सांगितलंय काय बोलू नगं म्हणून." कशाबद्दल बोलू नको? "थोरली वैनी माळ्यावर हाय त्याच्याबद्दल." थोरली सून भांडखोर होती आणि पाहुण्यांसमोर सासूला उलट बोलेल म्हणून तिला सकाळपासून माळ्यावर चढवून शिडी काढून घेतली होती. खाली मिरच्यांची पोती होती. पोराचं वाक्य पुरतं संपायच्या आत वरून शिंक आली. आत्यांनी स्वतः शिडी लावून तिला उतरवलं आणि पुढचा तासभर तिचं गाऱ्हाणं ऐकलं. सोयरीक झाली नाही, पण त्या सुनेला पुन्हा कुणी माळ्यावर चढवलं नाही.

कधीकधी त्या काही न विचारता पोरांशी भातुकली मांडून बसत. पोरं भातुकली खेळत नाहीत, आपलं घर खेळतात, असं त्यांचं मत. एका मोठ्या, नाव ठेवायला जागा नसलेल्या घरात पाच वर्षांचा नातू बाप झाला होता. त्याने खापरीतली मातीची भाकर बघितली, "करपवलीस" म्हणाला आणि खापरी भिंतीवर फेकून मारली. आत्या तशाच उठल्या. यजमान मागं मागं आला, काय चुकलं म्हणून विचारायला लागला. तर म्हणाल्या, "काय न्हाई. एक ताट बगितलं, दुसरं बगायचं न्हाई." त्या घरात त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही.

आणि एकदा एका घरातून त्या काही न ठरवता परत आल्या होत्या. तिथला आजा महिन्यापूर्वी गेला होता. चार वर्षांच्या नातीनं त्यांना खुंटीवरची काठी दाखवली आणि सांगितलं, "आजा गेलाय, पण काठी हितंच हाय. बिनकाठीचा त्यो लांब जात न्हाई." त्या दिवशी आत्यांनी तिला दोन खारका दिल्या आणि घरच्यांना म्हणाल्या, यंदा लग्नाची घाई करू नका.

एवढं झाल्यावर लोक शहाणे झाले. आमच्याकडे सोयरिकीच्या दिवशी उसनं आणणं ही काही लबाडी मानत नसत, रीतच होती ती. पितळेचे हंडे या घरातून, पुतळ्यांची माळ त्या घरातून, जोंधळ्याची कणगी वरच्या आळीतून. काम झालं की ज्याचं त्याला परत. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की आत्या पोर बघतात ना, तर पोरही उसनं आणावं. आपलं वाचाळ पोर मामाकडं धाडावं आणि शेजारचं एखादं गुणी पोर दिवसभरासाठी आणून बसवावं. हंड्यांसारखंच.

असं मी एकदा उसनी गेले आहे.

आमचं गाव भाटघरच्या धरणाच्या खालच्या अंगाला. शेजारच्या घरात हौसाक्का होती, सतराची. मी चार वर्षांची. ती मला काखेत घेऊन पाण्याला जाई, काखेत घेऊन धुणं वाळत घाली, आणि मी काहीही बोलले की हसे. तिचं हसणं साधं नव्हतं. आधी एक उचकी लागे, मग ती भिंत धरी, मग डोळ्यांतून पाणी, आणि मग जो आवाज फुटे तो तिसऱ्या घरात ऐकू जाई. मी तिला हसवायला काय वाटेल ते बोलायची. मला ती माझ्या आईहून आवडत होती, आणि हे मी आईला सांगितलंही होतं.

पण हसण्यापायी तिची दोन लग्नं मोडली होती. पहिल्या खेपेला नवऱ्या मुलाचे चुलते पाणी प्यायला वाकले आणि त्यांच्या पटक्याचा शेमला तांब्यात बुडाला. एवढंच. दुसऱ्या खेपेला पाहुणे तिला "पुरणपोळी करता येते का" विचारत होते आणि त्यांच्या मागं उभं राहून घरचं वासरू त्यांचं उपरणं चघळत होतं. हौसाक्का ते सांगायला गेली, पण हसण्यामुळं तिला बोलता येईना. ती सावरेपर्यंत वासरानं निम्मं उपरणं खाल्लं होतं. पोरीला वेड आहे असं ते पाहुणे गावभर सांगत गेले. आता तिसरी खेप गेली तर संपलंच. पन्नाशीच्या एका बिजवराचा निरोप येऊन पडलाच होता, आणि हौसाक्काच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्याला अजून नाही म्हटलं नव्हतं. ही गोष्ट घरात कुणी बोलत नसे. त्या दिवसांत हौसाक्काचं हसणं मला फारसं ऐकू आलं नाही.

अशात आत्यांचा सांगावा आला. वेल्ह्याच्या पलीकडे डोंगरात एक घर आहे, गुरं भरपूर, मुलगा कष्टाळू, आई नाही, बाप आणि चार वर्षांची धाकटी बहीण. सांगावा आणणारा म्हणाला, "घर लई शांत हाय." आबांनी ते शब्द धरून ठेवले. शांत घराला शांत मुलगी लागणार हे उघड होतं. हौसाक्काचा तीन वर्षांचा भाऊ सगळं सांगून टाकणार म्हणून त्याला मावशीकडं शिवऱ्याला पोचवलं, आणि काकी, हौसाक्काची आई, आमच्याकडं येऊन मला मागून गेली. माझ्या आईनं विरजण द्यावं तितक्या सहज मला दिलं.

तीन दिवस माझी तालीम चालली. "अक्का कदी हसत न्हाई. अक्का गरीब गाय हाय." एकदा बिनचूक म्हटलं की गुळाचा एक खडा. मी दिवसातून वीसेक वेळा बिनचूक म्हणत होते. चवथ्या दिवशी सकाळी मला न्हाऊ-माखू घालून, हौसाक्काच्या भावाचं टोपडं घालून परसात बसवलं. आजच्या दिवस काकीला आई म्हणायचं हेही सांगितलं. हौसाक्का आतल्या दाराआड उभी होती. काकीनं तिच्या तोंडात पदराचा बोळा दिला होता, तिसऱ्या खेपेची सावधगिरी म्हणून.

आत्या आल्या आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी पिशवीकडे. त्यांनी विचारलं, "तू या घरातली का?"

"व्हय," मी म्हणाले. "आज हाय."

आत्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. बरं, म्हणाल्या. मग आम्ही दोघींनी मातीची चूल केली, पाल्याची भाजी केली. भाजी शिजता शिजता त्यांनी सहज विचारलं, की तुझी अक्का कशी आहे? मी एका दमात, मध्ये श्वास न घेता, सगळं म्हटलं आणि हात पुढं केला.

त्यांनी माझ्या हातावर काही ठेवलं नाही. "कदीच हसत न्हाई?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, कधीच नाही. तू धपकन पडलीस तरी नाही? तरी नाही. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्या क्षणी त्या मला एकदम म्हाताऱ्या वाटल्या.

"आबा," त्या पुढच्या अंगणात येऊन म्हणाल्या, "पोरगी चांगली असंल. पर माज्या कामाची न्हाई."

आबांना काही कळेना. पोरगी गप्प आहे, मुकाट आहे, आणखी काय पाहिजे, असं ते म्हणाले.

"म्हणूनच," आत्या म्हणाल्या. मग वहाणा पायात सरकवता सरकवता त्यांनी वेल्ह्याकडच्या घराचं सांगितलं. त्या घरात आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाप बोलत नाही, मुलगा बापाकडं बघून बोलत नाही. आत्यांनी तिथल्या धाकटीला विचारलं, तुला वहिनी कसली पाहिजे? तर ती म्हणाली, "हसणारी. आई व्हती तवा आमच्यात हसत व्हते. आता कुणाला येत न्हाई." आत्यांनी तिला कबूल केलं होतं की हसणारी आणीन, आणि त्यासाठी त्या महिनाभर फिरत होत्या. शांत घर आहे असा निरोप त्यांनी धाडला होता तो अडचण म्हणून, अट म्हणून नव्हे.

आबा पेचात पडले. आमची पोरगी गावात कुणी हसणार नाही इतकी हसते, हे आता कुठल्या तोंडानं सांगायचं? आत्यांची छत्री भिंतीवरून हातात आली. काकी चुलीपाशी मटकन बसली. दाराआड बोळा तोंडात धरून हौसाक्का उभीच होती, आणि तिच्यापुढं आता तो पन्नाशीचा बिजवर होता.

मला यातलं काही कळत नव्हतं. मला एवढंच कळलं, की पाहुणे निघाले म्हणजे काम झालं. गूळ संपला होता, टोपडं टोचत होतं, आणि आमच्या घरातून भाकरीचा वास येत होता. मी काकीपाशी गेले आणि विचारलं, "काकी, आता मी घरी जाऊ का?"

मग दाराआड एक उचकी लागली.

पदराचा बोळा बाहेर येऊन पडला आणि त्याच्या मागून ते हसणं आलं. तीन दिवसांचं तुंबलेलं. परसातल्या कोंबड्या उडून कुडावर बसल्या, गाय दाव्याला हिसडा देऊन उभी राहिली. हौसाक्का दाराची चौकट धरून खाली बसत चालली होती, आणि काकी रडता रडता हसायला लागली होती. तेवढ्यात आमच्या घरातून माझ्या आईनं ते ऐकलं. पाहुणे गेल्याशिवाय हौसा हसणार नाही हे तिला ठाऊक होतं. कुडावरून तिनं हाक मारली, "जमलं का वो? माजी पोरगी लावून द्या जेवायला."

आत्यांनी छत्री परत भिंतीला टेकवली. आयुष्यात पहिल्यांदा, आबा पुढं सगळ्यांना सांगत, त्या अंथरलेल्या घोंगडीवर बसल्या. पोराच्या बोलण्यावर कुणी हसायचं नाही हा त्यांचाच नियम होता. तो मोडला म्हणून त्या रागावल्या नाहीत. आता गूळपाणी आणा, एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी मला बोलावलं. पानाच्या तबकातला अडकित्ता घेतला, पिशवीतून एक खारीक काढली आणि बरोबर मधोमध कातरली. "दोन बोललीस," त्या म्हणाल्या. "एक शिकवल्यालं, एक तुजं. तुज्याची ही अर्दी." दुसरी अर्धी परत पिशवीत गेली. मी गाव गोळा होईल इतकी रडले, पण ती अर्धी काही मिळाली नाही.

लग्न लावून मोकळं होणाऱ्यांतल्या आत्या नव्हत्या. वर्षानं त्या ज्या त्या घरी एक खेप घालत आणि पुन्हा त्या बारक्याला विचारत. हौसाक्काच्या सासरी त्यांनी त्या धाकटीला विचारलं, वहिनी कशी आहे? पोर जरा वैतागलेलं होतं. "लई हसती," ते म्हणालं. "आता जरा दमानं हस म्हणावं. आमचा बा बी तिच्यासंगं हसतोय, मला झोप येत न्हाई." हे आत्यांनी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच मी त्यांचे दात बघितले.

माझं लग्न आत्यांनी जमवलं नाही. तोवर आम्ही भोरात राहायला आलो होतो, मी चार इयत्ता शिकले होते, आणि वडिलांना शिकलेला जावई हवा होता. पुण्यातलं स्थळ आलं, मुलगा कचेरीत कारकून. आत्या न बोलावता आल्या आणि वडिलांना विचारलं, त्या घरात बारकं कोण? वडील जरा तोऱ्यात म्हणाले, की सर्वांत धाकटा एकोणीस वर्षांचा आहे आणि मॅट्रिक झाला आहे. "मंग इचारायचं कुणाला?" आत्या म्हणाल्या आणि छत्री घेऊन गेल्या.

घर वाईट नव्हतं. त्या घरात कुणी ताट फेकलं नाही, कुणी कुणाला माळ्यावर चढवलं नाही. सगळं वेळच्या वेळी, जागच्या जागी. बाईमाणसानं दात दाखवून हसू नये अशी सासूबाईंची शिकवण होती. ती मी पहिल्या वर्षातच शिकले. मला कशाचं दुःख आहे असं मला वाटत नव्हतं, आणि हे मी आजही खरं म्हणून सांगते.

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा तिला घेऊन मी भोरला माहेरी गेले होते. आत्यांचे डोळे गेले आहेत असं कळलं म्हणून भेटायला गेले. त्या माजघरात बसल्या होत्या, तशाच ताठ. मी पाया पडले, कोण ते सांगितलं. त्यांनी माझी विचारपूस केली नाही. संगं कुणी आहे का म्हणाल्या. मी मुलीला पुढं केलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून उंची बघितली, तिचा हात धरला आणि तिच्याच आधारानं चाचपडत परसात गेल्या.

मी बाहेर ओट्यावर बसले. आत्यांचे यजमान तिथं वाकळ पांघरून बसले होते. आतून नुसती कुजबुज येत होती, शब्द कळत नव्हता. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगून लोकांना हसवत आले होते, पण ओट्यावर बसून वाट बघणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. माझी मुलगी साडेपाचाच्या खूप आत होती.

"भिऊ नगंस," म्हातारबाबा म्हणाले. "म्या चाळीस वर्सं हितं बसलोय."

मुलगी आली. मागून आत्या आल्या. मुलीच्या दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या.

नदीकडच्या रस्त्यानं आम्ही निघालो. वळणापर्यंत मी दम धरला. मग विचारलं, "काय विचारलं गं आजीनं?"

"तुझी आई हसते का म्हणून विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"हसते की, म्हटलं. पाहुणे आले की हसते."

तिनं उजवी मूठ उघडली. त्यात अख्खी खारीक होती. मग तिनं डावी मूठ माझ्यापुढं धरली आणि उघडली. त्यात अडकित्त्यानं मधोमध कातरलेली अर्धी होती. "ही तुला दिलीय," ती म्हणाली. "तुझी राहिली होती म्हणे."

मी रस्त्यात उभी राहिले. वाटलं आता रडू येणार, आणि मी पदर चाचपला. पण आधी एक उचकी लागली. मग मी बाजूच्या कुंपणाला हात टेकला, आणि मग जे फुटलं ते मला आवरेना.

माझी मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं मागं वळून रस्त्यावर लांबवर नजर टाकली, कोण पाहुणे आले ते बघायला.